शालेय क्रीडास्पर्धा आणि समान संधीचा प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.

आपल्या संस्थेने आज दहावी-बारावीच्या गुणवंतांना गौरविले. त्यांच्या पाठोपाठ कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतीत जिल्ह्यापर्यंत पोहोचलेल्या आठ मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलावले, याचा मला विशेष आनंद झाला. मी आयुष्यभर महानगरपालिकेच्या शाळेत खेळाचा तास घेतला. मुले मला 'पीटीचे सर' म्हणत. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांना समाजात जो मान असतो तो पीटीच्या सरांना नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी कापला जातो तो खेळाचा तास. म्हणून आज मला बोलायला सांगितले तेव्हा मी ठरविले की आपल्या तासाचाच विषय मांडायचा.

काही जणांना वाटेल, धम्माच्या आणि समतेच्या व्यासपीठावर खेळाचे काय काम? त्याचे उत्तर एका प्रसंगाने देतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या शाळेचा क्रिकेटचा संघ मी एका आंतरशालेय स्पर्धेत उतरविला. आमच्याकडे दोन बॅट होत्या. पॅडचे दोन जोड होते, त्यांतल्या एकाचे पट्टे सुतळीने बांधलेले. एक फलंदाज बाद झाला की तो धावत येऊन पॅड सोडायचा आणि दुसरा ते चढवायचा. समोरचा संघ एका खासगी शाळेचा होता. त्यांची स्वतःची बस, सोबत दोन प्रशिक्षक, प्रत्येक मुलाची स्वतंत्र किट-बॅग. आमचा डाव तासाभरात आटोपला. परतताना लोकलच्या डब्यात माझा यष्टिरक्षक बराच वेळ गप्प होता. दादर गेल्यावर त्याने मला विचारले, "सर, आपण हरलो, का आपल्याला हरायलाच बोलावलं होतं?"

मी त्याला त्या वेळी "खेळात हार-जीत असतेच, बाळा" असे ठरावीक उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी आज तुमच्यासमोर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

मित्रांनो, प्रथम हे पाहू या की शालेय खेळात पणाला काय लागलेले असते. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत मूल राष्ट्रीय स्तरापर्यंत जाते. वरच्या पायरीवरच्या कामगिरीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदल येथे खेळाडूंची भरती होते. म्हणजे शाळेच्या मैदानावरचा सामना हा केवळ करमणुकीचा विषय नाही. गरिबाच्या घरातल्या मुलासाठी तो नोकरीचा आणि प्रतिष्ठेचा एक दरवाजा आहे. दरवाजा सर्वांसाठी उघडा आहे असे सांगायचे आणि त्याच्यापर्यंत जाणारा जिना मात्र काहींच्याच घरासमोर लावायचा, याला समान संधी म्हणता येणार नाही.

आपल्या मुंबईचे शालेय क्रिकेट जगप्रसिद्ध आहे. हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या स्पर्धांना शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे आकडे मुंबईतल्या कितीतरी पोरांना पाठ आहेत. परंतु त्यामागची एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. सचिन आधी वांद्र्याच्या एका शाळेत शिकत होता. रमाकांत आचरेकर सरांनी त्याच्या घरच्यांना सल्ला दिला की याला क्रिकेट खेळायचे असेल तर क्रिकेट खेळणाऱ्या शाळेत घाला. म्हणून तो शारदाश्रमात आला. सल्ला योग्यच होता, आणि आचरेकर सरांनी साध्या घरांतली कितीतरी मुले घडविली हे महाराष्ट्र विसरणार नाही. पण या गोष्टीचा अर्थ काय होतो? गुणाच्या जोडीला योग्य शाळेत असणेही तितकेच महत्त्वाचे ठरते. मग प्रश्न असा उरतो की ज्याला शाळा बदलता येत नाही त्याने काय करायचे?

आता याच स्पर्धेतली दुसरी घटना सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस शील्डच्या पहिल्या फेरीत एका शाळेने ४ बाद ७६१ धावा केल्या. प्रतिस्पर्धी शाळेचा संपूर्ण डाव ७ धावांत संपला. त्या सातही धावा अवांतर होत्या. सहा वाइड आणि एक बाय. एकाही मुलाच्या बॅटमधून एकही धाव निघाली नाही. ७५४ धावांनी पराभव झाला. सगळ्या वृत्तपत्रांनी त्या शाळेचे नाव छापले. मी ते मुद्दाम घेत नाही, कारण त्या मुलांचा काही गुन्हा नव्हता. आणखी एक बारकावा पाहा. त्या ७६१ धावांपैकी दीडशेहून अधिक धावा दंडाच्या होत्या. ठरलेल्या वेळेत ठरलेली षटके टाकता आली नाहीत म्हणून गोलंदाजी करणाऱ्या संघाला तो दंड झाला. नियम सर्वांना सारखाच होता. पण ज्यांना गोलंदाजीचा सराव नाही, ज्यांचा चेंडू सारखा सीमेपार जातो आणि तो आणायला ज्यांना धावावे लागते, त्यांच्याच डोक्यावर तो सारखा नियम दगडासारखा पडला.

त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने भंडारी चषक स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या मुलाने केलेला हा विक्रम. आपल्याला त्याचा अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. परंतु त्या सामन्यात समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव. त्या संघात नेहमीचे खेळाडू नव्हते, पुष्कळ मुले नवखी होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. विक्रम झाला, फोटो छापले गेले. पण दोन दिवस उन्हात चेंडू आणणारी ती अकरा मुले त्या दिवशी क्रिकेटविषयी काय शिकली असतील, याचा विचार कोणी केला?

माझ्या शिक्षक मित्रांपैकी कोणी म्हणेल, या दोन्ही उदाहरणांत समोरासमोर आलेल्या शाळा खासगीच होत्या, मग सरकारी विरुद्ध खासगी हा वाद कुठून आला? ही शंका योग्य आहे, आणि तिच्यातूनच खरा मुद्दा हाती लागतो. फरक शाळेच्या पाटीमुळे पडत नाही, तो चार गोष्टींमुळे पडतो. मैदान आहे की नाही. शिकविणारा माणूस आहे की नाही. सरावाला वेळ आणि सामान आहे की नाही. आणि चौथी, सर्वांत मोठी गोष्ट, आपल्याला हवे ते मूल निवडून घेण्याचा अधिकार शाळेला आहे की नाही. महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बहुधा पहिल्या तीन गोष्टी अपुऱ्या असतात आणि चौथी मुळीच नसते. आमच्या दारात जे मूल येते ते आम्ही घेतो. घ्यायलाच हवे, तो आमचा धर्म आहे. बड्या खासगी शाळेकडे चारही गोष्टी असू शकतात. छोट्या खासगी शाळेची अवस्था मात्र पुष्कळदा आमच्यासारखीच असते.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांवरून हाच वाद अनेक वर्षे चालला आहे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की डोळ्यांसमोर श्रीमंतांची शाळा येते. तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे करातून चालणारी सर्वांची शाळा. अशा बहुतेक शाळांची हद्द ठरलेली असते आणि त्या हद्दीत राहणारी मुले तिथे शिकतात. खासगी शाळेला अशी हद्द नसते. ती दूरवरून मुले आणू शकते, फी माफ करू शकते. तिकडे स्पर्धेचे गट शाळेच्या पटसंख्येवरून पाडतात. म्हणून पाचशे मुलांची खासगी शाळा पाचशे मुलांच्या सरकारी शाळेसमोर उभी राहते. कागदावर दोन्ही सारख्या. परंतु एकीकडे गल्लीतली पाचशे मुले आणि दुसरीकडे साऱ्या शहरातून वेचलेली पाचशे.

यावर तिकडच्या राज्यांनी निरनिराळे उपाय केले. अलाबामा राज्याने १९९९ मध्ये खासगी शाळेच्या पटाला १.३५ ने गुणायचे ठरविले. इलिनॉय राज्याने २००५ मध्ये हद्द नसलेल्या शाळांसाठी १.६५ हा गुणक आणला. म्हणजे ६०० मुलांची शाळा ९९० मुलांची धरली जाते आणि मोठ्या शाळांच्या गटात खेळते. टेनेसीने १९९७ मध्ये खेळाडूंना आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांचा विभागच वेगळा केला. इंडियाना राज्याने २०१२ मध्ये निराळा मार्ग काढला. शाळा कोणाचीही असो, जी सतत जिंकते तिने वरच्या गटात जावे. ओहायोत तीन वेळा प्रस्ताव फेटाळला गेल्यावर २०१४ मध्ये सभासद शाळांनी मतदान करून नवा नियम स्वीकारला. त्यानुसार शाळेचे खेळाडू कुठून आलेले आहेत हे पाहून तिचा गट ठरतो.

टेनेसीतला एक खटला तर त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला. ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीच्या मुलांना पत्रे पाठवून आपल्या सरावाला बोलाविले. राज्याच्या क्रीडा संघटनेने हे मुलांना फूस लावणे आहे असे ठरवून शाळेला दंड केला आणि काही काळ बादफेरीत खेळायला बंदी घातली. शाळेने भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. २००७ मध्ये न्यायालयाने एकमताने संघटनेची बाजू उचलून धरली. स्वेच्छेने संघटनेत सामील झालेल्या शाळेने, कोवळ्या वयाच्या मुलांना खेळासाठी ओढून न नेण्याचा नियम पाळलाच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. एका पत्रासाठी एवढा मोठा झगडा! आपल्याकडे अशी पत्रे पाठवावी लागत नाहीत. मैदानाच्या कडेला एखादा माणूस येऊन उभा राहतो आणि सामना संपल्यावर मुलाच्या बापाला गाठतो.

अशा एका मुलाची हकिकत सांगतो. माझ्या शाळेतला एक मुलगा, डावखुरा वेगवान गोलंदाज. वडील गोदीत हमाल, आई घरकाम करणारी. सातवीत असताना एका मोठ्या खासगी शाळेने त्याला उचलले. फी माफ, बूट, किट, सकाळी दूध-अंडी. आई-वडील माझ्याकडे आले. "सर, पाठवू का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "पाठवा. माझ्याकडे याला द्यायला काय आहे?" आजही तोच प्रसंग आला तर मी पाठवाच म्हणेन. पण त्या वेळी एक गोष्ट मला सुचली नाही. ठरले ते काही लिहून घ्यावे, हे मी सांगितले नाही. नववीच्या शेवटी त्याचा गुडघा दुखावला. तीन महिने तो खेळू शकला नाही. दहावीच्या वर्षी फी भरण्याची चिठ्ठी घरी आली. दूध-अंडी बंद झाली ती तर वेगळीच. वर्ष बुडाले. पुढे तो रात्रशाळेतून दहावी झाला. आज तो एका कारखान्यात कामाला आहे आणि रविवारी सकाळी आपल्याच वस्तीतल्या मुलांना गोलंदाजी शिकवितो. त्याच्या मनात त्या शाळेविषयी कडवटपणा नाही. परंतु माझ्या मनात माझ्या चुकीची बोच आहे. मुलगा धावत होता तोवर शाळेचा होता, लंगडू लागला तेव्हा तो पुन्हा आमचा झाला.

मित्रांनो, इथे कायद्यातली एक फट तुमच्या ध्यानात आणून देतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. शाळेला क्रीडांगण असावे, खेळाचे साहित्य असावे, असे त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, हेही त्यात आहे. परंतु हा हक्क सहा ते चौदा वर्षे वयापुरता आहे. आठवी संपली की संपला. हॅरिस शील्ड मात्र १६ वर्षांखालील मुलांची स्पर्धा आहे आणि शासनाचे मोठे गट १७ आणि १९ वर्षांखालचे आहेत. महानगरपालिकेच्या कितीतरी शाळा आठवीपाशीच थांबतात. म्हणजे ज्या वयात खेळाडू खऱ्या अर्थाने घडायला लागतो, नेमक्या त्याच वयात आपल्या मुलाच्या पायाखालची शाळा निघून जाते. माझ्या यष्टिरक्षकाच्या प्रश्नातला मोठा भाग इथे आहे.

आपला इतिहास या बाबतीत काय सांगतो? पालवणकर बाळू हे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामे करीत असे. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता तो त्या काळातला भारताचा श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला वेगळ्या भांड्यात, बाहेर चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. राजकारणातला तो मतभेद आपण बाजूला ठेवू. खेळाडू म्हणून त्यांच्या आयुष्यातून घ्यायचा धडा असा की गुण असूनही दार उघडत नाही. ते उघडायला भावाभावांची, समाजाची, संघटनेची ताकद मागे उभी राहावी लागते.

आणि शाळेविषयी म्हणाल तर बाबासाहेब स्वतः सरकारी शाळेचेच विद्यार्थी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल, तेही सरकारी. त्या शाळांत त्यांना अपमान सोसावा लागला हे खरे. पण ती शाळा सर्वांची होती म्हणून तिच्या दारात उभे राहण्याचा हक्क तरी सांगता आला. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत. शाळेच्या मैदानावर मला तीच विसंगती दिसते. पंचाची शिट्टी सर्वांना सारखी, नियमाचे पुस्तक सर्वांना सारखे, आणि ती शिट्टी वाजण्यापूर्वीची दहा वर्षे मात्र अत्यंत विषम.

मग उपाय काय? सरकारी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या आणि खासगी शाळांच्या वेगळ्या कराव्यात, असे काही जण सुचवितात. मला ते पूर्णपणे मान्य नाही. वेगळी पंगत म्हणजे काय असते हे आपल्याइतके कोणाला कळणार? आपल्या मुलांना आपापसात खेळवून चषक दिले तर ते चषक बाहेर कोणी मानणार नाही. आणि मोठ्या संघाला हरविण्याची ईर्षाही मरून जाईल. उलट, सगळे जणू सारखेच आहेत असे मानून पहिल्याच फेरीत ७६१ विरुद्ध ७ होऊ देणे हेही योग्य नाही. दोन टोके टाळून मधला मार्ग धरावा, ही तर आपल्या शास्त्याचीच शिकवण आहे.

तो मधला मार्ग मला असा दिसतो. सुरुवातीच्या फेऱ्या शाळांचे गट पाडून घ्याव्यात. गट पाडताना शाळेची पाटी न पाहता मागील तीन-चार वर्षांची कामगिरी आणि शाळेकडच्या सोयी पाहाव्यात. पुढच्या फेऱ्या सर्वांना खुल्या ठेवाव्यात. म्हणजे नवख्या संघाला दोन-तीन सामने आपल्या तोडीच्या संघाशी खेळायला मिळतील, आणि चांगला असेल तर तो वर जाऊन बड्या शाळेशी भिडेल. दुसरे, शालेय क्रिकेटमध्ये सामना अगदी एकतर्फी झाला की डाव थांबविण्याची तरतूद असावी. तिसरे, केवळ खेळासाठी एखाद्या मुलाला दुसऱ्या शाळेने घेतले तर दहावीपर्यंतची फी, दुखापतीचा उपचार आणि अभ्यासाची सोय यांची हमी त्या शाळेने लेखी द्यावी, आणि ते स्पर्धा घेणाऱ्या संघटनेकडे नोंदवावे. चौथे, ज्या शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने सरकारी जागा मिळाली आहे त्यांनी आपले मैदान आठवड्यातून काही तास शेजारच्या पालिका शाळेला खुले करावे. यासाठी आपण निवेदने द्यावीत, पाठपुरावा करावा.

परंतु बंधू-भगिनींनो, सगळ्या मागण्या दुसऱ्यांकडेच करून चालणार नाही. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा संदेश आपल्याला मिळाला आहे, तर संघटित होऊन आपण काय करू शकतो तेही पाहू या. खेळांमध्येही स्वस्त आणि महाग असा भेद आहे. कबड्डी, खो-खो, धावणे यांत आमच्या पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा वर्षानुवर्षे बड्यांना टक्कर देत आल्या. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत पुढे आली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत, धावत जात असे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. पण आता या स्वस्त खेळांतही पैसा शिरला आहे. मोठे कबड्डी सामने मॅटवर, बूट घालून होतात. आमची मुले मातीत सराव करतात आणि मॅटवर गेली की पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा पाय सरकतो.

म्हणून संस्थेपुढे मी काही साध्या सूचना ठेवतो. आपल्या समाजमंदिरात एक कपाट खेळाच्या सामानासाठी राखावे. ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी जुने बूट, पॅड, स्पाइक्स तिथे आणून द्यावेत आणि वहीत नोंद करून गरजू मुलाला ते वापरायला द्यावेत. वर्गणीतून कबड्डीच्या मॅटचा एखादा तुकडा तरी घ्यावा, म्हणजे पायाला सवय होईल. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला यांतील तारखा जुळत नाहीत म्हणून आपली मुले ऐन वेळी बाद होतात. हे कागद जून महिन्यातच तपासून देण्याचे काम पदवीधर तरुणांनी अंगावर घ्यावे. वय चोरून खेळवू मात्र नका. तो दुसऱ्या एखाद्या लहान मुलावर केलेला अन्याय आहे, आणि शीलाच्या गोष्टी सांगणाऱ्या समाजाला तो शोभत नाही. कोणाच्या मुलाला मोठ्या शाळेकडून बोलावणे आले तर त्या आई-वडिलांना एकटे जाऊ देऊ नका. संस्थेच्या दोघांनी सोबत जावे, काय देणार ते लेखी मागावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

मुलींविषयी एक शब्द. माझ्या अनुभवाप्रमाणे सातवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात, आठवीत अचानक कमी होतात. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, सरावाहून येताना अंधार पडतो आणि घरी धाकटी भावंडे वाट पाहतात. महिला मंडळाने आळीपाळीने सरावाच्या वेळी मैदानावर बसायचे ठरविले तरी निम्म्या मुली टिकतील. सावित्रीबाईंच्या लेकींना त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही, दोन बायकांची सोबत पुरते.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. परिस्थिती विषम आहे हे मी आत्ता तासभर सांगितले. पण ते ऐकून हातपाय गाळून बसू नका. विषमता ओळखायची ती तिच्याशी झगडण्यासाठी. तिला सबब करायचे नाही. सकाळी लवकर उठायचे, अंगाला तेल लावायचे, मैदान नसेल तर रस्त्याच्या कडेने धावायचे. आणि उद्या तुमच्यातला कोणी मोठ्या शाळेच्या संघात गेला, समोर सुतळीने पॅड बांधलेला मुलगा आला, तर त्याला हसू नका. त्याला बाद जरूर करा, तो खेळच आहे. पण सामना संपल्यावर त्याच्याजवळ जा, त्याला चेंडू कसा पकडायचा ते दाखवा. मैत्री या शब्दाचा अर्थ मला इतकाच कळतो.

सर्व नद्या सागराला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, ही भगवंतांची उपमा आपण नेहमी ऐकतो. मैदानही तसेच असायला हवे. तिथे कोणाचे घर, कोणाची शाळा हे उरू नये. पण नदी सागरापर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच आटली तर? आपले काम त्या वाटेवरचे आहे.

माझ्या त्या यष्टिरक्षकाला आज मी सांगेन, "बाळा, आपल्याला कोणी मुद्दाम हरायला बोलावलं नव्हतं. पण आपण यावं, टिकावं, जिंकावं, याची तयारीही कोणी केली नव्हती. ती आता आपणच करायची." आज व्यासपीठावर आलेल्या या आठ मुलामुलींपासून ती सुरू व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त करतो. 

नमो बुद्धाय! जय भीम!